एकशे सत्तावीस दाते

मंगळवारी दुपारी क्लाइव्हनं आइस्क्रीमचा जुना डबा कुंपणावर ठेवला आणि तो दोन पावलं मागं सरला. २०२० चा ऑगस्ट होता, मेलबर्नला कुलूप लागलं होतं, आणि डँडेनॉन्गच्या आमच्या गल्लीत शेजारधर्म असाच चालायचा. वस्तू कुंपणावर ठेवायची, मागं सरायचं, दुसऱ्यानं सॅनिटायझर मारून ती उचलायची. एरवी त्या डब्यातून लिंबं यायची आणि माझ्याकडून लोणचं जायचं. त्या दिवशी डब्यात ब्राँझचा एक नट होता. मी आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं. आटे पार खाल्ले गेले होते.

"कशाचा हा?" मी विचारलं.

"नोरीनच्या हॉइस्टचा," क्लाइव्ह म्हणाला.

नोरीन त्याची बायको. बारा वर्षांपासून तिचे पाय गेलेले. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तिला उचलायला घरात एक हॉइस्ट होता. उभा पोलादी स्क्रू, तो फिरवणारी छोटी मोटर, आणि स्क्रूवर चढणारा हा नट. नटाला आडवा दांडा, दांड्याला कापडाची झोळी, झोळीत नोरीन. त्या सकाळी ती झोळीत असताना नट सुटला आणि दांडा वीतभर खाली घसरला. दांड्याखालच्या पोलादी सेफ्टी खुंटीनं धरलं म्हणून बाई वाचली. क्लाइव्हचं वय एकोणऐंशी, नोरीनचं वजन एक्क्याऐंशी किलो. तो काही तिला हातानं उचलणार नव्हता.

नवा नट डेन्मार्कहून यायला पाच आठवडे लागणार होते. भाड्याचे हॉइस्ट सगळे आधीच उचलले गेले होते. केअर कोऑर्डिनेटर बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सोय झाली नाही, तर नोरीनला तात्पुरतं नर्सिंग होममध्ये हलवावं लागेल. त्या महिन्यात मेलबर्नची नर्सिंग होम्स काय झाली होती ते रोज संध्याकाळी बातम्यांत मृतांच्या आकड्यांनी कळत होतं.

"तू टर्नर आहेस ना," क्लाइव्ह एवढंच म्हणाला. "माझ्या शेडमध्ये लेथ आहे."

हो, मी टर्नर. मुरलीधर पोवार, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक्केचाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो आणि विमानंच बंद झाली. सहा महिने मी भांडी पुसत होतो आणि नात स्पृहाला मराठीत गोष्टी सांगत होतो. ती इंग्रजीत उत्तरं देत होती. हात नुसते शिवशिवत होते. खरं सांगायचं तर तो नट पाहून पहिल्यांदा मला आनंदच झाला. नोरीनची काळजी नंतर वाटली. त्याची आजही लाज वाटते.

अजित, माझा मुलगा, कॉम्प्युटरवर काम करतो आणि त्याला सगळे नियम पाठ असतात. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला तर त्याचा घास हातातच राहिला.

"बाबा, प्लीज. दुसऱ्याच्या घरी जायला बंदी आहे. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. फाइन लागला तर एक्स्टेन्शनचं काय होईल?"

"आजारी माणसाच्या मदतीला जाता येतं. तूच वाचून दाखवलं होतंस."

"मदत म्हणजे सूप नेऊन देणं! शेडमध्ये लेथ चालवणं नाही. आणि समजा तुमचा नट तुटला आणि बाई पडल्या, तर? लायबिलिटी कोणाची?"

माझं डोकं फिरलं. "एक्केचाळीस वर्षांत माझा एक नट तुटला नाही."

"तुटला नाही, की तुम्हाला कळलं नाही?"

आमचा माल पेट्यांत भरून ट्रकनं जायचा. पुढं तो कुठल्या यंत्रात बसला, त्याच्यावर काय लटकलं, हे टर्नरला कोण सांगतं? पोरगं बरोबर बोललं, म्हणून मला जास्त राग आला. मी ताट उचललं आणि बुधवारी सकाळी मास्क लावून शेजारच्या शेडमध्ये गेलो.

लेथवरचं ताडपत्रीचं कापड काढलं आणि मी थोडा वेळ नुसता बघत राहिलो. ॲडलेडला बनलेला, हर्कस कंपनीचा नऊ इंची लेथ, माझ्याच वयाच्या आसपासचा. क्लाइव्हनं त्याचं कुळ सांगितलं. हे तीन भाऊ: ए, बी आणि सी. बेड तिघांचा एक, डोकं एक, ताकदही एकच. थोरल्याला गियरबॉक्स दिलेला; मूठ सरकवली की पाहिजे ते आटे पाडायला तयार. मधल्याला गियरबॉक्स नाही, पण कट मारताना टूल, म्हणजे धातू कापणारं हत्यार, आपोआप सरकायची सोय आहे. धाकट्याला दोन्ही नाही. त्याचे गियर हातानं काढायचे, हातानं बसवायचे, आणि टूलही हातानंच सरकवायचं. क्लाइव्हकडे होता तो धाकटा.

"वाटणीत याला काहीच आलं नाही," मी म्हणालो. क्लाइव्ह हसला. त्या तीन दिवसांतलं तेवढंच हसणं.

अडचण वेगळीच होती. हॉइस्ट डेन्मार्कचा, म्हणजे त्याचे आटे मिलिमीटरचे. दोन आट्यांमध्ये बरोबर चार मिलिमीटर. आणि या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूलला पुढं ओढणारा लांब स्क्रू, तो इंचाचा. एका इंचात आठ आटे. इंच आणि मिलिमीटर यांचं सहज जमत नाही. त्यांचं लग्न लावायला मध्ये एकच भटजी चालतो, तो म्हणजे एकशे सत्तावीस दात्यांचं गियर. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, त्याखाली हिशेब पुरा बसतच नाही. ते गियर नसेल तर आटे जवळपास येतात, आणि जवळपासच्या आट्यांवर मी बाईला लटकवणार नव्हतो.

"आहे," क्लाइव्ह म्हणाला, आणि त्यानं भिंतीवरच्या खिळ्यावरून थाळीएवढं गियर काढलं. कधी काळी घेतलेलं, एकदाही न वापरलेलं. त्याला शंभर दात्यांचं दुसरं गियर जोडलेलं होतं. मी कागदावर गणित मांडलं: वर चौसष्ट, मध्ये ही जोडी, खाली चाळीस. चार मिलिमीटर, तंतोतंत.

धातू मात्र एकच तुकडा होता. क्लाइव्ह रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, तिथून निवृत्त होताना आणलेलं ब्राँझचं एक बुश, जाड नळीच्या तुकड्यासारखं. वीस वर्षं ते शेडच्या दाराला टेकण म्हणून पडलं होतं. त्यातून नट निघणार एक. चुकलं तर दुसरा नाही. बुधवार टूल घासण्यात आणि भोकाची मापं घेण्यात गेला. गुरुवारी सकाळी आम्ही आधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर सराव करायला घेतला.

आणि पहिल्याच तुकड्यावर मी माती खाल्ली.

सांगतो. आटे पाडताना टूल एकदा कापून शेवटाला पोचलं की हाफ-नटचा लिव्हर उघडायचा. मग टूल लीडस्क्रूपासून सुटतं, हातानं मागं आणायचं, पुन्हा लिव्हर दाबायचा, पुन्हा कट. उद्यमनगरात माझा लेथ मिलिमीटरचा होता, आटेही मिलिमीटरचे, त्यामुळे हे चालायचं. एक्केचाळीस वर्षं चाललं. पण इंचाच्या लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील तर लिव्हर एकदा दाबला की काम संपेपर्यंत उघडायचाच नाही. उघडलात तर टूल पुन्हा त्याच खाचेत पडत नाही. हे मला माहीत होतं. शिकाऊ पोरांना मी हे शिकवलंय! तरी पहिला कट संपला आणि माझ्या हातानं मला न विचारता लिव्हर उघडला. दुसरा कट पहिल्या आट्याच्या माथ्यावरून गेला.

"तुझ्या मशीनमध्ये खोट आहे," मी क्लाइव्हवर खेकसलो.

त्यानं लेथच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिथं त्यानं सकाळीच खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: उघडू नकोस. मास्कच्या वाफेनं माझा चष्मा धुरकटला होता, मला दिसलंच नव्हतं. म्हाताऱ्याची मी माफी मागायला हवी होती. मी नुसता दुसरा तुकडा चकात, म्हणजे तुकडा धरून फिरवणाऱ्या पंज्यात, पकडला.

क्लाइव्हनं टोमॅटोच्या वेली बांधायची सुतळी आणली आणि लिव्हर दाबलेल्या जागी बांधून टाकला. आता टूल मागं आणायचं तर मोटर उलटी फिरवायची. ती उलटी फिरवली आणि तिसऱ्या फेरीला चकातून खट्ट आवाज आला. या लेथवर चक आट्यांनी बसवलेलं असतं, बाटलीच्या बुचासारखं. सरळ फिरताना ते आवळतं. झटक्यानं उलटं फिरलं तर सुटतं. ते अर्धा फेरा सुटलं होतं. आणखी दोन फेऱ्यांनंतर आठ किलोचं चक माझ्या छातीवर आलं असतं. क्लाइव्हनं बटण दाबून मशीन थांबवलं. दुसरा तुकडाही वाया गेला होता, आणि बाहेर संध्याकाळ व्हायला लागली होती. आठला कर्फ्यू.

"उद्या सकाळी सात वाजता," क्लाइव्ह म्हणाला. "मोटर नको. हातानं फिरवू."

घरी मी हात धुतले तेव्हा पाणी काळं झालं, ते अजितनं पाहिलं.

शुक्रवारी सात वाजता मोटरचा पट्टा काढलेला होता आणि लेथच्या डाव्या टोकाला क्लाइव्हनं रात्रीतून सायकलचं जुनं क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, बसवलं होतं. तो फिरवणार, मी टूल सांभाळणार. चौदा फेरे पुढं, टूल बाहेर, चौदा फेरे मागं, टूल आत, आणि दर वेळी केसाएवढं खोल. शेडचं दार सताड उघडं, थंडी हाडात शिरत होती. पहिला कट मी नुसता रेघ ओढण्यापुरता घेतला आणि पट्टी लावली. दहा आटे, चाळीस मिलिमीटर. बरोबर.

क्लाइव्ह फेरे मोजायचा तेवढाच आवाज. दहाव्या कटाला त्याला धाप लागली. पंधराव्याला मी जागा बदलू म्हणालो, त्यानं मान हलवली: टूलवर हात बदलायचा नाही. बायकोचा नट होता, तो थांबणार नव्हता. घरातून मध्येच नोरीनची हाक यायची, "क्लाइव्ह?" आणि तो न थांबता ओरडायचा, "चाललंय, लव्ह." मंगळवारपासून ती पलंगावरच होती.

सव्विसाव्या कटाला माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. सव्वानऊ. आतले आटे आता नीट आकाराला आले होते, पिवळे, धारदार, बघायला सुंदर. टूल शेवटाला पोचलं, क्लाइव्ह थांबला, मी टूल बाहेर घेतलं, आणि माझा दुसरा हात गेला. सरळ लिव्हरवर. मी पाहत होतो आणि तो जात होता. त्यानं लिव्हर वर ओढला.

सुतळीनं धरला.

लिव्हर हलला नाही. मी हात काढला आणि खिशात घातला. क्लाइव्हनं पाहिलं होतं. तो लेथला वळसा घालून आला, सुतळीला आणखी एक गाठ मारली आणि परत क्रँकपाशी गेला. "चौदा मागं," तो म्हणाला. आयुष्यभर मला माझ्या हाताचा गर्व होता. त्या सकाळी मी त्याच्यावर पहारा करत उरलेले कट मारले.

बेचाळीस कट. हॉइस्टचा स्क्रू नटात घातला तर तो आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरत गेला, कुठं अडकला नाही, कुठं डगमगला नाही. साडेदहा झाले होते. अकराला नट हॉइस्टमध्ये बसला. नोरीनच्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. कुंपणापलीकडून जिला रोज हात करायचो ती बाई पलंगावर केस विंचरून पडली होती. उशाशी लहानशी बॅग भरून ठेवलेली होती.

"आधी वाळूची पोती लटकवू," क्लाइव्ह म्हणाला.

"पोती बोलत नाहीत," मी म्हणालो. "मी बसतो."

मी झोळीत बसलो. क्लाइव्हनं बटण दाबलं. मोटर गुणगुणली आणि माझे पाय जमिनीवरून उचलले. कान मी नटाकडे लावून ठेवला होता. आवाज साफ होता. अधांतरी लटकलेला, सासष्ट वर्षांचा, ग्रीस लागलेल्या लेंग्यातला मी, आणि तेवढ्यात खिडकीत अजित दिसला. तो कुंपण ओलांडून आला होता. नियम पाठ असणारा माझा मुलगा.

तो मागच्या दारातून आत आला, मास्क नाकावर नीट बसवला, आणि माझ्याकडे खालून वर बघत राहिला. आता हा ओरडणार, असं मला वाटलं.

"बाबा, तुमचं वजन किती?"

"अठ्ठावन्न."

"आणि यांचं?"

"एक्क्याऐंशी," नोरीन पलंगावरून म्हणाली. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण प्रश्न कळला होता.

"मग या टेस्टला काय अर्थ आहे?" अजित म्हणाला. "टेस्ट लोड जास्त पाहिजे. उतरा. मी शहाऐंशी आहे."

"अजित, नको."

"का नको? तुमचा नट तुटत नाही ना?"

मी उतरलो. तो बसला. क्लाइव्हनं बटण माझ्या हातात दिलं. मंगळवारी रात्री अजितनं विचारलेला प्रश्न अजून माझ्या छातीत अडकलेला होता, आणि आता तो प्रश्न स्वतःच झोळीत बसून माझ्याकडे बघत होता. मी बटणावर अंगठा ठेवला. एवढी वर्षं मी याला वर्कशॉपच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. अभ्यास कर, तेलात हात घालू नकोस, म्हणायचो. माझ्या हातचं काम त्यानं कधी जवळून पाहिलंच नव्हतं. आज त्याचं अख्खं वजन त्या कामावर होतं.

दांडा वर गेला. त्याचे बूट गालिच्यावरून सुटले. वर, आणखी वर, पार टोकापर्यंत. अजितनं झोळीत दोनदा मुद्दाम अंग हिसकलं. नट होता तिथंच राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला. "तीनदा करा."

तीनदा केलं. दर वेळी मी खाली वाकून नटाला बोट लावून बघत होतो. तिसऱ्यांदा उतरल्यावर त्यानं मोबाइल काढला, वेळ आणि वजन टिपून घेतलं, आणि क्लाइव्हला इंग्रजीत म्हणाला की रोज सकाळी नट तपासायचा, आणि डेन्मार्कचा नट आला की हा काढून टाकायचा. मग झोळी धरून नोरीनच्या पलंगाशी गेला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना नोरीन वर उचलली गेली. तिनं डोळे घट्ट मिटले होते. मंगळवारी घसरली होती त्या उंचीवर आल्यावर तिनं क्लाइव्हचा हात शोधला. त्या जागेवरून दांडा पुढं गेला, खुर्चीवर आला आणि हळूहळू खाली उतरला. क्लाइव्ह तिच्या पायांवर पांघरूण घालत होता आणि त्याला ते नीट घालता येत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला.

बरोबर बाराला फोन वाजला. क्लाइव्हनं उचलला. नोरीननं तो त्याच्या हातातून घेतला.

"मी खुर्चीत बसले आहे," ती म्हणाली. "खिडकीपाशी. गाडी पाठवू नका."

आम्ही बापलेक मागच्या दारानं निघालो. शेडपाशी अजित थांबला. दार उघडंच होतं. लेथवर ब्राँझचा कीस पडला होता, लिव्हरवर सुतळी तशीच होती, दोन गाठी मारलेली.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. मशीन जुनं आहे, म्हणता आलं असतं.

"माझा हात चुकतो," मी म्हणालो. "म्हणून बांधली. सकाळी चुकला होता. सुतळी नसती तर नट गेला असता."

त्यानं वाकून गाठी नीट बघितल्या, उंबरा ओलांडून आत गेला आणि क्रँकवर हात ठेवला.

"दाखवा," तो म्हणाला. "किती फेरे?"

"चौदा," मी म्हणालो.